पाईपमधला सुवास

कलत्या उन्हात ओल्या फडक्याखालून झिरपणारा गूळ, शेकलेले पान आणि व्हॅनिला यांचा तो मंद, ओथंबलेला गंध आजही अवचित आठवतो.

ऐंशीच्या दशकातली भुसावळची रेल्वे कॉलनी. आमच्या भिंतीला लागून नाना राहत, निवृत्त इंजिन ड्रायव्हर. कुण्या साहेबाने जाताना दिलेला पाईप ते ओढत. तंबाखू मात्र बाजारची, उग्र. सुगंध तिच्यात नसतो, तो तिला द्यावा लागतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. पान तव्यावर हलके शेकायचे, गुळाचे पाणी शिंपडायचे, वर व्हॅनिलाचे थेंब, आणि दोन दिवस पाट्याखाली दाबून मुरू द्यायचे. मी नोकरीसाठी रोज जळगावला जाई, म्हणून इसेन्सची बाटली भरून आणणे माझ्याकडे.

एकदा लागोपाठ तीन दिवस विसरलो. "आज तरी आनलं का भाऊ, का बाटलीले नुसतं जळगाव दाखवून आनलं?" नाना हसले. चौथ्या दिवशीही विसरलो, तेव्हा लाजेपोटी घरीच बाटलीत करपलेल्या साखरेचे पाणी भरून दिले. रंग हुबेहूब. नानांनी ती हुंगलीसुद्धा नाही. मला तर, खरं सांगतो, माझ्या हुशारीचे कौतुकच वाटले.

ती तंबाखू मुरली त्या संध्याकाळी नाना ओट्यावर पाईप ओढता ओढता पेंगले होते. काचबिंदूने दृष्टी गेलेल्या अक्का, त्यांच्या पत्नी, आत बाजेवर होत्या. भिंतीपलीकडून मी त्यांचा घाबरा आवाज ऐकला, "कोन बसलंय तठी? हा वास त्याइचा नाही!" मग चाचपडती पावले, आणि पायरीवरून कोसळल्याचा आवाज.

अक्कांचा खुबा मोडला. दवाखान्याच्या व्हरांड्यात नाना पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, "मीच बसलो व्हतो, अन् ती मलेच भ्याली."

"तंबाखू वेगळी लागली नाही, नाना?" मी कसेबसे विचारले.

"मले कसं कळन? कोळशाच्या धुरानं नाक कव्हाच गेलं माह्यं. वास तिच्यासाठी व्हता. मी घरात हाय, हे तिले त्याच्यानं समजे."

हातातला चहा निवून गेला तरी मी पेला धरूनच उभा होतो. बाटलीत मी काय भरले होते, ते सांगितले नाही. अक्का पावसाळ्याआधी गेल्या, तेव्हाही नाही.

तेरावे झाल्यावर नानांनी तीच बाटली माझ्या हाती दिली. "भरून आनजो." त्या दिवशी मी विसरलो नाही. दोन दिवसांनी, तंबाखू मुरल्यावर, संध्याकाळी ओट्यावरून तो गोड, दाट धूर भिंतीवरून अलीकडे आला, आणि लक्षात आले, त्या गंधाला ओळखणारे नाक आता एकट्या माझेच उरले होते.