सायलस हार्डविकची बायको

रिकाम्या वेळात काय करतेस, असं कुणी विचारलं की मी सांगते, मेलेली माणसं शोधते. समोरचा हातातला कप खाली ठेवतो! मग एक किस्सा सांगावाच लागतो, आणि एकावर कुणाचं भागत नाही. शेंगा खाताना कसं, एक फोडली की हात आपोआप दुसरीकडे जातो, तसलं आहे हे.

आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो. इथल्या लायब्ररीत मंगळवारी सकाळी एक ग्रुप जमतो, आपापलं घराणं शोधणाऱ्यांचा. बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे अमेरिकन, आणि त्यांच्यात डब्यातून चिवडा नेणारी मी! मला तिथे ओढलं माझ्या सुनेनं, हॅनानं. तिचे वडील आयुष्यभर आपल्या मूळ पुरुषाच्या मागे होते. सायलस हार्डविक. अमेरिका हा देश होण्याच्या कितीतरी आधी बोटीनं इंग्लंडहून आला आणि कनेक्टिकटमध्ये जंगल तोडून शेती करायला लागला. त्याची जमीन सापडली, मुलं सापडली, गाईसुद्धा सापडल्या! बायको सापडेना. जिथे तिथे नुसतं ‘सायलसची बायको’. हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी ते हॅनाला म्हणाले, “आपण सगळे तिच्या पोटचे, आणि तिला हाक काय मारायची ते एकालाही माहीत नाही.”

हॅनानं त्यांना शब्द दिला, मी शोधेन म्हणून. ते गेल्यावर तिला एकटीनं त्या ग्रुपला जाववेना, म्हणून मी.

पहिल्याच दिवशी गाडीत मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “आमच्याकडे मिरजेला हेळवी यायचे. दारात उभं राहून तुमच्या सगळ्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवायचे.”

हॅनाचे डोळे चमकले. “आई, आणि घरातल्या बायकांची नावं?”

मी खिडकीबाहेर बघायला लागले!

*

ग्रुपमध्ये वॉल्टर म्हणून एक आजोबा आहेत. त्यांच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. लहानपणी शेजारच्या कुत्र्यानं लचका तोडला होता. एकदा कुणा लांबच्या बहिणीनं त्यांना त्यांच्या पणजोबांचा फोटो पाठवला. आम्ही सगळे टेबलाभोवती गोळा झालो. तेच कपाळ, तेच नाक. त्यात काही विशेष नाही, रक्ताचं नातं आहे. पण डावा कान! पाळी फाटलेली. अगदी तशीच, तिथेच.

नाक वारशानं येतं हो, कुत्र्याचा चावा कसा येईल?

वॉल्टरनी कानाला हात लावला, फोटो पालथा घातला आणि म्हणाले, “द्यायचंच होतं तर केस द्यायचे होते, म्हाताऱ्या!”

सगळे हसलो. तो फोटो मात्र त्यांनी परत कधी आणला नाही.

*

हे सगळं ऐकून माझ्या नवऱ्याला, सुहासला, सुरसुरी आली. त्यानंही नळीत थुंकून डीएनए टेस्ट केली. रिझल्टमध्ये एक जवळचे नातेवाईक निघाले, फ्रीमाँटचे. नाव वाचून सुहास ताडकन उठला. मराठी लोकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ह्याच गृहस्थांशी त्याचं वर्षभर भांडण चालू होतं!

“तरीच म्हटलं, हा माणूस इतका हटवादी कसा!”

दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर तो त्यांना ‘दादा’ म्हणायला लागला. भांडण चालूच आहे, फक्त आता आदरानं.

*

आमच्या ग्रुपची कर्तीधर्ती म्हणजे रूथ. ऐंशी पार केलेली, आणि एकदा बोलायला लागली की थांबणं नाही. सायलसनं बांधलेलं घर अजून उभं आहे आणि त्यात लोक राहतात, हे तिनंच शोधून काढलं. फोन नंबरही मिळवला. हॅनानं आमच्या किचनमधून स्पीकरवर फोन लावला, मी भाजी चिरत शेजारीच होते. तिनं आपण हार्डविक घराण्यातली असल्याचं सांगितलं, तोच तिकडच्या बाई वैतागून म्हणाल्या, “अहो, काल सांगितलं ना? विहीर माझ्या आजोबांनी केव्हाच बुजवली!”

“मी काल फोन केला नव्हता,” हॅना म्हणाली.

“तुम्हीच होतात. हाच आवाज. विहिरीवर झाकण आहे का, पोरं तिथे खेळतात, असं पुन्हा पुन्हा विचारत होतात.”

तिथे विहीर होती हेच आम्हाला ठाऊक नव्हतं! माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. हॅनानं फोन म्यूट केला आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही फोन कट करणार. पण तिनं म्यूट काढलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, “बुजवली ना? मग बरं झालं.”

*

पानं रंगायला लागली तेव्हा हॅना, रूथ आणि मी अशा तिघी कनेक्टिकटला गेलो. फोनवरच्या त्या बाई प्रत्यक्षात खूप प्रेमळ निघाल्या. अ‍ॅपल पाय खायला घातला आणि मग घर दाखवायला निघाल्या. हॅना सगळ्यांच्या पुढे. किचनमधून मागच्या खोलीत जाताना ती पटकन मान खाली घालून वाकली आणि पलीकडे गेली. मी वर बघितलं. वर काहीच नाही. साधं सपाट छत.

बाई जागच्या जागी थांबल्या. “तुला कुणी सांगितलं?”

“काय?”

“इथे तुळई होती. बुटकी. सगळ्यांची डोकी आपटायची. मी लहान असताना बाबांनी काढून टाकली.”

हॅना हसली. “सहज वाकले. सवय.”

“कसली सवय गं?” मी म्हटलं. ट्रॉयच्या आमच्या घरात डोकं आपटेल असं काही नाही, आणि ही पोर उंचीला माझ्याएवढीच!

खोली बघून आम्ही परत फिरलो. त्या जागी हॅना पुन्हा वाकली. ह्या वेळी तिच्यामागून येणाऱ्या बाईही वाकल्या!

*

तिथून आम्ही गावाच्या जुन्या दफनभूमीत गेलो. लख्ख ऊन होतं. सायलसचा दगड लगेच सापडला. वर पंख असलेली कवटी कोरलेली, खाली त्याचं नाव, बाकी सगळं झिजलेलं. शेजारी नुसतं गवत.

रूथनं पर्समधून कपड्याच्या हँगरच्या दोन वाकवलेल्या तारा काढल्या. दोन हातांत दोन तारा धरून चालायचं, खाली कुणी पुरलेलं असेल तर त्या आपोआप एकमेकींवर येतात, असं इथले कितीतरी लोक मानतात. आपल्याकडचा पाणाड्या पाणी बघतो तसंच. मला हसू येत होतं. सायलसच्या दगडापाशी तारा जुळल्या. शेजारच्या गवतावर परत जुळल्या. माझं हसू गेलं.

“इथे आहे ती,” रूथ म्हणाली.

हॅना गुडघ्यांवर बसली आणि गवतावर हात ठेवला. तिचे खांदे हलत होते. रूथला असल्या वेळी गप्प राहता येत नाही. तिनं गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट सुरू केली, आणि रूथला बरं वाटावं म्हणून मीही हं हं करत होते. तेवढ्यात स्पष्ट ऐकू आलं, “सायलेन्स.”

रागानं नाही, ओरडूनही नाही. पण रूथचं वाक्य अर्ध्यातच तुटलं. मी ओशाळले. थोडं लागलंही, खोटं कशाला बोलू? सून अशी कधी बोलली नव्हती. पण वडील आठवत असतील, म्हणून गिळलं. मग हॅनानं फुलं ठेवली आणि आम्ही निघालो.

गाडी हायवेला लागल्यावर मला राहवेना. “हॅना, आमची बडबड जास्त झाली, चुकलंच. पण रूथ वयानं मोठी आहे. तिला असं गप्प करायला नको होतंस.”

हॅनानं चमकून माझ्याकडे बघितलं. “मी? आई, मला वाटलं तुम्ही म्हणालात. तुमचाच आवाज होता.”

“मी कशाला म्हणू? मला तुझा ऐकू आला!”

दोघींनी आरशातून मागे बघितलं. रूथ मागच्या सीटवर पर्स पोटाशी धरून बसली होती.

“माझ्याकडे नका बघू,” ती म्हणाली, “मी तर बोलत होते. मला माझ्या आईचा आवाज वाटला.”

पुढच्या एक्झिटची पाटी दिसायला लागली. मग रूथ हळूच म्हणाली, “सायलेन्स... त्या काळी मुलींचं नाव असायचं ते.”

हॅनानं इंडिकेटर दिला आणि गाडी परत वळवली.