निनवेवरची टाळी

झाखो गावच्या अस्मरचे हात कोपरापर्यंत निळे. नवरा रंगारी, आणि नीळ घोटायची ती हिनं. "देवाच्या दारी मला ओळखायला वेळ लागायचा नाही," असं म्हणून स्वतःच खळखळून हसायची. यहुद्यांचा सप्ताहांचा सण जवळ आला की मात्र तिचा पाय घरात ठरत नसे. खेचरावर चक्क्याच्या पोळ्यांचं गाठोडं टाकायचं, आणि बाकीच्या यहुदी बायकांबरोबर अल्कोशला नहूम संदेष्ट्याच्या कबरीवर जायचं. तिथं गुरुजी संदेष्ट्याची वाणी वाचत आणि अर्थ सांगत: जगाला तुडवणाऱ्या निनवे नगरीचा माज देवानं कसा उतरवला. शेवटी नगरी पडली की बायका टाळ्या पिटत. अस्मरची टाळी सगळ्यांत मोठी.

तिचा मुक्काम शमुनीकडे. शमुनी गावातली ख्रिस्ती. तिचे लोक निनवेला आपलं म्हणत. त्या नगरीनं एकदा पश्चात्ताप केला आणि देवानं तिला त्या खेपेला माफ केलं, म्हणून दरवर्षी तीन दिवस कडक उपास धरत. त्यामुळे गेली वीस वर्षं दोघींची दारातच जुंपायची.

"काय गं, पडलं का तुझं निनवे?"

"तू आलीस ना, आता पडेलच!"

मग शमुनीचा नवरा होर्मिझ हसत हसत यात्रेकरूंसाठी पाण्याचे घडे भरायला निघायचा.

यंदाही अस्मरनं लांबूनच हाळी दिली, "शमुने, पडलं का गं तुझं निनवे?"

शमुनी बाहेर आली. अंगावर काळं. "पडलं," ती म्हणाली. "होर्मिझ गेले. थंडीत, तापानं." आणि आत वळली.

अस्मरला आपली जीभ हासडून टाकावीशी वाटली. वीस वर्षांचा घरोबा, तो एका वाक्यानं घालवला. पाठोपाठ आत जायचा धीर झाला नाही. ती तशीच कबरीपाशी जाऊन बसली.

वाचन सुरू झालं. सुरुवातीलाच गुरुजी म्हणाले, संकटात देव आसरा देतो, त्याच्या आसऱ्याला आलेल्यांना तो ओळखतो. दरवर्षी हे ऐकताना तिचं लक्ष पुढच्या पडझडीकडे असायचं. आज तिथंच अडकलं. देवाचा राग माजोऱ्यांवर, हे खरंच. पण अनवाणी आलेल्या परक्यांना पाणी पाजणाऱ्या होर्मिझचा कसला माज? आणि मी कुणावर टाळ्या पिटते?

वाचन अर्धवट टाकून कुणी उठत नाही. अस्मर उठली.

बाहेर शमुनी एकटीच यात्रेकरूंसाठी भरला घडा ओढत कबरीच्या पायऱ्या चढत होती. अस्मरनं तो हिसकून घेतला.

"एवढ्यात संपलं?"

"नाही. उठून आले."

"भवाने, पाप लागेल!"

"लागू दे. संदेष्ट्याला सांगितलं, निनवेत माझी मैत्रीण राहते." तिनं घडा कमरेला लावला. "चुकले गं मी."

शमुनीनं डोळ्यांना पदर लावला. मग नाक ओढून म्हणाली, "ते असते तर म्हणाले असते, हिला आधी जेवायला वाढ." मग घड्याकडे बघून, "आणि घडा सरळ धर, निम्मं पाणी सांडलंस! निनवे बुडवायला निघालीस की काय?"

अस्मर हसता हसता रडायला लागली.

"चल," शमुनी म्हणाली, "उरलेलं ऐकू या. मी दारातच बसते. आमच्या निनवेचं काय होतं ते कळू दे तरी."

"शेवट बरा नाही गं."

"माहीत आहे. तू शेजारी बस म्हणजे झालं."