एसीच्या नाकावर बांधलेला ऑइल कूलर

त्याला सगळे भट्टी म्हणायचे. खऱ्या नावानं हाक मारली तर तो वळूनही बघत नसे. इंजिनाचा कारागीर माणूस; जन्म तापलेल्या लोखंडाशी झटण्यात गेलेला, आणि स्वभाव लोखंडापेक्षा जरा वरच. धाकटा भाऊ गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. तो हळू बोलायचा, हळू हसायचा, आणि टोमणा असा गार मारायचा की ऐकणाऱ्याला तो घरी जाऊन हातपाय धुताना लागावा. त्याचं नाव पडलं गारठा. वडिलांनी दोघांना एकाच पत्र्याच्या शेडमध्ये धंद्याला बसवलं आणि समाधानानं डोळे मिटले. थोडं थांबले असते तर मिटले नसते.

कारण पुढे गारठ्यानं शेडच्या आपल्या भागात एसी लावला. लावेना का! पण त्या यंत्राची गरम हवा ओकणारी पेटी त्यानं बसवली ती थेट भट्टीच्या बाजूला तोंड करून. रस्त्याकडे का नाही, तर म्हणे तिकडे तिला ऊन लागतं.

"पेटीला ऊन लागतं आणि मला काय चांदणं लागतं?" भट्टी गरजला. "तुझ्या गारव्याचा घाम मी पुसू होय?"

त्या दिवशी बोलणं संपलं आणि शेडच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं. पण गाडीला प्लायवूड कुठलं? तिचं इंजिन एकाकडे आणि एसी दुसऱ्याकडे, अशा गाड्या रोज यायच्या. मग दोघांनी एक रीत पाडली. बोलायचं ते गाडीशी.

"बाई गं," भट्टी बोनेटमध्ये वाकून म्हणायचा, "तुझा पट्टा एवढा ताणणारं गाढव कोण?"

गाडीच्या पलीकडच्या दिव्याजवळून गारठा म्हणायचा, "रडू नकोस. तुझ्या इंजिनाला हात लावणाऱ्यापेक्षा गाढव बरं, ते निदान लाथ मारण्याआधी कान हलवतं."

नवं गिऱ्हाईक घाबरायचं. जुनी गिऱ्हाइकं मात्र काम नसलं तरी ऐकायला थांबायची.

ह्या दोघांच्या वर एक बहीण होती, ताई. नवरा गेल्यावर तिनं त्याची गाडी विकली नाही, स्वतः चालवायला घेतली. टेकडीवरच्या दवाखान्यात मूत्रपिंडाचे रोगी न्यायचे आणि परत आणायचे, हे तिचं काम. त्या कामावर तिचा जीव होता. पण टेकडीचा चढ लांबलचक. भर दुपारी, भरलेल्या गाडीत, एसी चालू ठेवून चढायचं म्हणजे इंजिनातलं तेल उकळीला यायचं, लाल दिवा लागायचा, आणि ताईला मध्येच गाडी कडेला घेऊन बोनेट उघडावं लागायचं. आत माणसं घामाघूम. दवाखान्याचा व्यवस्थापक एकदा तोडून बोलला, "बाई, रोगी रस्त्यात ताटकळतात हे चालणार नाही. असंच होत राहिलं तर मी दुसरी गाडी लावतो."

ताईनं बाजारातून ऑइल कूलर आणला आणि भट्टीपुढे ठेवला. दिसायला रेडिएटरचं पोर. इंजिनातलं तेल नळीनं त्यात जातं, वारा खाऊन निवतं आणि परत येतं.

"ही गाडी वर गेली पाहिजे," ताई म्हणाली. "न थांबता."

भट्टी गाडीखाली सरकला. जागा कुठली हे त्याला पडल्या पडल्या कळलं. बंपरच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, जिथे कूलरला स्वतःचा वारा मिळतो. पण नेमका तिथून एसीचा पाइप आडवा गेला होता. तो हलवायचा म्हणजे आधी एसीचा गॅस काढायचा, आणि गॅस काढायचा म्हणजे प्लायवूडच्या पलीकडे एक वाक्य बोलायचं.

"भाऊजींना सांगा की," त्याची बायको म्हणाली. "गाडीला सांगून सांगा हवं तर."

भट्टी बोनेटपाशी उभा राहिला. घसा खाकरला. पण शिवी गाडीतून पोचवायची त्याला सवय होती. विनंती गाडीतून कशी पोचवायची, ते त्याला जमेना. "जरा पाइप सरकवून दे" हे शब्द त्याच्या तोंडात लाडवासारखे अडकले.

"गेला उडत!" तो म्हणाला. "त्याला विचारण्यापेक्षा मी इंजिन तोंडानं फुंकून गार करीन."

आणि त्यानं सोपी वाट धरली. गाडीच्या नाकाशी सगळ्यात पुढे एसीची जाळी असते, तिच्या मागे रेडिएटर. भट्टीनं कूलर एसीच्या जाळीवरच ठेवला, तिच्या बारीक पात्यांतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या आरपार ओवल्या आणि कचकचून आवळल्या. कामाची कुठे खुटखुट नाही, पाइपला धक्का नाही. त्याला मनातून बरंही वाटलं. भावाच्या जाळीच्या उरावर आपला कूलर!

तेल निवलं, यात शंका नाही. लाल दिवा लागेना. पण तेलाची सगळी झळ आता थेट एसीच्या जाळीवर जाऊ लागली, आणि चढावर गाडी हळू झाली की आत बसलेल्यांच्या अंगावर ऊन ऊन वारा येऊ लागला. ताईच्या नेहमीच्या रोग्यांत एक निवृत्त कंडक्टर होते, तोंडाचे फटकळ.

"ताई, मला दवाखान्यात नेतेस की शेकायला?" ते म्हणाले. "तिकिटात हे नव्हतं."

तेवढ्यावर भागतं तर ठीक होतं. खड्ड्याखड्ड्याला कूलर हादरत होता आणि पट्ट्या जाळीच्या नळीवर घासत होत्या. एका दुपारी नळीला भोक पडलं, सगळा गॅस फुस्स झाला आणि एसी बंद पडला. कंडक्टर वर पोचले ते ओलेचिंब, डोळे फिरवून. व्यवस्थापकानं आवाज चढवला नाही. ते जास्त वाईट. "उद्याची फेरी करा," म्हणाला. "ती बघून सांगतो."

ताई थेट शेडवर आली. गाडी तिनं अशी आडवी लावली की दोघांचीही दारं अडली.

गारठा बाहेर आला. नाकाशी वाकला. पट्ट्या दिसल्या तसा हळूच म्हणाला, "अगं, तुला कोणी पार्सल समजून बांधलं का?"

"हिला सांगा कोणीतरी," भट्टी खवळला, "पाइप आडवा घालणाऱ्यानं आधी विचार करायचा होता!"

"पाइप कारखान्यानं घातलाय. अक्कल कारखान्यातून येत नाही, ती ज्याची त्यानं आणायची असते."

भट्टीनं पाना उचलला.

"ठेव खाली!" ताई ओरडली. दोघं लहानपणासारखे जागच्या जागी थिजले. "माझं काम हातचं जायची वेळ आलीय, आणि तुम्ही दोघं गाडीला गोष्टी सांगताय? ऐका. उद्या ही गाडी थंडगार वर पोचली नाही तर मी काम सोडून घरी बसेन. आणि घर म्हणजे माझं नाही, तुमचं. एक महिना ह्याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. सकाळी उठल्यापासून तुमच्या चुका सांगायला मला दिवस पुरणार नाही."

असा धाक वडिलांनीही कधी घातला नव्हता. आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या दोघांच्या बायकांनी आपापल्या नवऱ्याकडे असं पाहिलं की पाना आपोआप खाली गेला.

मग दिवस मावळेपर्यंत काम चाललं. गारठ्यानं फुटलेली जाळी उतरवून दुसरी चढवली आणि कोपऱ्यातला पाइप वरच्या अंगानं वळवला. भट्टीनं मोकळ्या कोपऱ्यात लोखंडी पट्टीचं ब्रॅकेट ठोकलं, रबरावर कूलर बसवला आणि मागे छोटा पंखा लावला. वायरिंग गारठ्याकडे होतं. सगळा वेळ बिचाऱ्या गाडीनं दोन्ही बाजूंनी इतकं ऐकून घेतलं, की तिला पाय असते तर ती पळून गेली असती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ताईनं दोघांनाही मागच्या सीटवर कोंबलं. "काही झालं तर दोघंही हाताशी हवेत," म्हणाली. पुढे कंडक्टर. चढ लागला. वारा गार येत होता. भट्टीचं वाऱ्याकडे लक्ष नव्हतं; तो दोन सीटच्या फटीतून तेलाचा ताप दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होता. काटा चढत होता. नेहमी थांबायचं ते वळण आलं आणि काटा आणखी चढला. भट्टीनं कान लावला. पंख्याचा आवाज नाही.

भट्टी गर्रकन वळला. "अरे, तुझा पंखा का फिरत नाहीये?"

गाडीला नव्हे. भावाच्या तोंडावर. कंडक्टरांनीही मान वळवली.

"अजून तेवढं तापलं नाही म्हणून," गारठा म्हणाला. "तेल तापलं की लागेल असं बटण टाकलंय त्यात. तो तुझ्यासारखा नाही, काही व्हायच्या आधीच भणभणायला."

"आणि नाही लागला तर?"

"तर ताई आधी तुझ्याकडे राहायला येईल. तू मोठा."

वळण सरलं आणि पुढून घर्रर्र आवाज आला. काटा थबकला, थोडा थरथरला आणि मागे सरकू लागला. ताईनं एसी बंद केला नाही, गाडीही थांबवली नाही. वर पोचेपर्यंत कंडक्टर घोरत होते.

व्यवस्थापक दारात उभा होता. त्यानं कोरडी ठणठणीत कंडक्टरस्वारी चाकाच्या खुर्चीत बसताना पाहिली, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "उद्यापासून नेहमीच्या वेळेला या." "येते," ताई म्हणाली आणि तिनं बोनेटवर एक थाप मारली.

मागे भांडण पेटलेलं होतं.

"बटण टाकलंस ते मला सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कधी? आज विचारलंस, आज सांगितलं."

"मी मोठा आहे!"

"म्हणून तर पट्ट्या मोठ्या बांधल्यास!"

"ताई," कंडक्टर खुर्चीतून म्हणाले, "संध्याकाळी मला न्यायला येशील तेव्हा ही जोडी आणू नकोस."

"गाडीशी बोलायचे तेच बरं होतं," ताई म्हणाली आणि दोघांना आत ढकलून तिनं दारं लावली. उतारावर गाडी निघाली. एसी चालू होता, काचा बंद होत्या. रस्त्यावरच्या माणसांना मागच्या सीटवर फक्त दोन तोंडं एकाच वेळी हलताना दिसत होती.