दुधी भोपळ्याची जागा

या भूतलावर बास्केटबॉलचे यथार्थ ज्ञान झालेला एकच पुरुष आहे आणि तो मंगरूळपीरच्या वेशीबाहेर, आमच्या महादेवाच्या देवळामागे, अर्ध्या एकरात वांगी, मेथी आणि झेंडू पिकवतो. हे मत मूळचे त्याचेच. पण गेली आठ वर्षे रोज प्रातःकाळी ऐकल्यामुळे आता ते माझेही झाले आहे.

देवाची फुले आणि बेल मी त्याच्या मळ्यातून आणतो. परमेश्वराने पृथ्वी गोल केल्यामुळे आमच्या पूजेची वेळ आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यांची वेळ नेमकी एकच येते. मी परडी घेऊन उभा असतो आणि आमचे बागवाले भाऊ विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला टेकवलेल्या मोबाइलसमोर, मेथीची जुडी अर्धी बांधून, समाधिस्थ असतात. "थांबा न गुरुजी, दोनच मिनिटं राह्यले." त्या खेळातली दोन मिनिटे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नसेल त्याने ब्रह्मदेवाच्या दिवसाचे गणित स्मरावे. घड्याळ पुनःपुन्हा थांबते, खेळाडू पाणी पितात, पंच विचार करतात आणि इकडे माझा महादेव पारोसा बसतो.

भाऊंचा संप्रदाय ठेंगण्यांचा होता. पूर्वी प्रत्येक संघात एक ताडासारखा गडी जाळीखाली उभा असे. त्याला सेंटर म्हणतात. काही चतुर संघांनी त्याला बाकावर बसवून पाचही गडी लहान आणि चपळ घेतले. ते दुरूनच चेंडू टाकतात आणि प्रतिपक्षाचा ताड त्यांच्यामागे धावून धावून दमतो. हे तत्त्व भाऊ भाजीने शिकवीत. ओट्यावर चार वांगी आणि मधोमध एक दुधी भोपळा मांडायचा. "हा पाहा, जागचा हालत नाई. याच्यापायी बाकीच्यायले रस्ता नाई." मग दुधी उचलून टोपल्यात टाकायचा, त्याच्या जागी पाचवे वांगे ठेवायचे आणि म्हणायचे, "आता पाहा, कसं मोकळं मोकळं झालं." आसेगावच्या बाजारात एका बाईने मोठे वांगे मागितले, तेव्हा मोठेपणाची व्यर्थता या विषयावर तिला इतका वेळ निरूपण ऐकावे लागले की ती शेवटी भेंडी घेऊन गेली.

त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी त्यांच्याकडेच राहून बारावीला शिकत होती. उंची सहा फुटांना दोन बोटे कमी. फळीवरचे डबे तिने काढायचे, दिवा तिने बदलायचा आणि माझ्या शंकरासाठी शेंड्याचा कोवळा बेलही तिनेच तोडायचा. कॉलेजच्या संघात ती सेंटर होती. "हात वर करून उभी राहा," एवढाच उपदेश तिला दोन वर्षे मिळाला होता. वाशीमच्या जिल्हा निवडीत नाव आले, तर तिला अमरावतीच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. तिचे सारे चित्त त्या एका सामन्याकडे लागले होते.

आणि नेमका याच वेळी भाऊंचा सिद्धांत यशस्वी झाला. कॉलेजचे क्रीडाशिक्षक भाजी घ्यायला आले. भाऊंनी वांगी मांडली, दुधी टोपल्यात टाकला. शिक्षक प्रभावित होऊन परतले. दुसऱ्या दिवशी संघात पाच ठेंगण्या मुली होत्या आणि पुतणी बाकावर. व्याख्यानाच्या भरात, तो दुधी कोणाच्या घरचा आहे याचा वक्त्याला विसर पडला होता.

सायंकाळी तिने भाऊंना ताट वाढले. ताटात पोळी नाही, भात नाही. एक अखंड, न चिरलेला दुधी. "घ्या मोठेबाबा. टोपल्यात टाकला होता न तुमी?" एवढेच बोलली आणि पुढे आठ दिवस बोललीच नाही.

ते आठ दिवस मोबाइल बंद होता. माझी पूजा वेळेवर होऊ लागली आणि त्याचे मला सुख वाटेना. भाऊ बांधावर नुसते बसलेले पाहून, काहीतरी बोलावे म्हणून, मी हनुमंताची कथा काढली. समुद्र ओलांडताना नागमाता सुरसेने वाट अडवली. ती मुख वाढवीत गेली, हा देह वाढवीत गेला आणि अखेरीस अंगठ्याएवढा होऊन तिच्या मुखात शिरून बाहेर आला.

भाऊ ताडकन उठले. "म्हंजे मोठा गडी बसवाचा नाई. त्याले लायना व्हायचंबी शिकवाचं. गुरुजी, हे मले पयले काहून नाई सांगतलं?"

"आपले सामने संपले असते, तर सांगितले असते," मी म्हणालो.

मग मोबाइल पुन्हा सुरू झाला. पण आता शोध निराळा होता. जाळी सोडून बाहेर येणारे, चेंडू आपटत नेणारे, दुरून नेम धरणारे, लेकराला घास भरवावा तसा सहकाऱ्याच्या हातात चेंडू देणारे सात-सात फुटी गडी भाऊंनी हुडकले. त्यांनी पुतणीपुढे मोबाइल धरला. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मले जमन का, मोठेबाबा?"

"तुले नाई त कोनाले?"

भाजी धुण्याच्या सिमेंटच्या ओट्यावर टोपलीभर टोमॅटो प्रतिपक्ष म्हणून मांडले गेले. पुतणी वाकून, चेंडू गुडघ्याखाली आपटत ठेवून, त्यांच्यामधून जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात मळ्यातल्या प्रत्येक जेवणाला टोमॅटोची चटणी होती. दुसऱ्या आठवड्यात नव्हती.

वाशीमच्या मैदानावर मीही गेलो. सामन्याआधी भाऊंनी पिशवीतून चार वांगी आणि एक दुधी काढून शिक्षकांपुढे बाकावर मांडला. शिक्षक म्हणाले, "भाऊ, मागच्या टायमाले तुमीच याले काढलं होतं."

"चुकलो सर," भाऊ हात जोडून म्हणाले. मग त्यांनी तो दुधी वांग्यांच्या बाहेरून, मधून, मागून असा हळूहळू फिरवला. "हा आता चालते."

उत्तरार्धात ती उतरली. जाळीखाली तिच्याभोवती प्रतिपक्षाच्या तिघी जमल्या. तिने चेंडू बाहेर मोकळ्या मुलीला दिला. पुढच्या वेळी त्या तिच्यापासून दूर राहिल्या, तर तिने तीन गुणांच्या रेषेबाहेरून स्वतःच जाळीत टाकला. संघ थोडक्यात हरला. भाऊंना ते कळले नाही. ते डोळे पुसत बाजूच्या अनोळखी माणसाला सुरसेची कथा सांगत होते. निवडीच्या यादीत तिचे नाव वाचले गेले, ते मी त्यांना खांदा हलवून सांगितले.

आता ती अमरावतीला असते. रविवारी फोन येतो आणि त्यात मुख्यतः भाऊच बोलतात. मला बेल मिळतो तो खालच्या फांद्यांचा, जरा जून. परवा शेंड्याला लवलवती पालवी पाहून मी म्हणालो, "भाऊ, काठीला आकडी बांधून काढता येईल."

भाऊंनी मोबाइलवरून दृष्टी काढली आणि वर पाहिले. "राहू द्या न गुरुजी. दिवाळीले येऊन राह्यली थे."

इतकी वर्षे बेलासाठी मीही त्या लेकराला हात वर करायलाच सांगत आलो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. खालचीच तीन पाने मी परडीत ठेवली. महादेवाची काही तक्रार दिसली नाही.