अंगाऱ्याची पुडी

"चेक केलंय. तरी परत चेक करतो," असं म्हणत काका कुलूप लावलेलं दार तीनदा ओढून पाहायचे. लंडनच्या क्रॉयडनमधले माझे शेजारी. उभा जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेलेला. गॅस बंद केलाय ना, हे पाहायला अर्ध्या वाटेत ट्राममधून उतरणारा असा एखादा तुम्हीही पाहिला असेल.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं नाचवत त्यांच्यासमोर उभा राहायचो. "काका, पहिलं बक्षीस एअर फ्रायर!"

ते पाच पौंड द्यायचे आणि तिकीट परत करायचे. "देणगी समज. नशीबबिशीब माझ्या दारात नको."

मग त्यांना पार्किन्सन्स झाला. गोळ्या सुरू झाल्या, हाताची थरथर थांबली, चाल सुधारली. आम्ही खूश. वर्षभरात काका ट्राम स्टॉपजवळच्या बेटिंग शॉपमध्ये दिसू लागले. मी काचेतून जोरजोरात हात केला, पण ते पडद्यावरच्या कुत्र्यांच्या शर्यतीत इतके गुंगले होते की वळलेसुद्धा नाहीत. मंडळाचं निदान तयार होतं: रिटायरमेंट. कुणी म्हणालं, साडेसाती. खोटं कशाला सांगू, मीही दोन-चार विनोद करून टाळ्या मिळवल्या.

काकूंच्या पाटल्या ईलिंग रोडवरच्या सोनाराकडे गेल्या, तेव्हा विनोद थांबले. काकू बॅग भरून लेस्टरला मुलीकडे निघाल्या. जाताना माझ्या हातात एक पुडी ठेवली. "वेम्बलीच्या देवळातला अंगारा आहे. रोज लाव त्यांना. माझ्याकडून लावून घेत नाहीत."

काकू कधी कागद वाया घालवायच्या नाहीत. ही पुडी त्यांनी गोळ्यांच्या खोक्यातल्या माहितीपत्रकाची बांधली होती. अंगारा वाटीत काढला आणि कागद सहज वाचायला घेतला. बारीक अक्षरात लिहिलं होतं: काहींना जुगाराची अनावर ओढ लागू शकते, तसं झाल्यास डॉक्टरांना सांगा.

मी अनवाणी शेजारी धावलो आणि नाटकातल्या वकिलासारखा कागद फडकवला. "काका, हे वाचलं नव्हतं? तुम्ही?"

"वाचलं होतं. दोनदा."

"मग?"

"वाटलं, हे गोऱ्यांसाठी लिहिलंय. आपल्यात कोण खेळतं!"

मला हसू फुटलं. काका हसले नाहीत. "म्हणजे हे सगळं गोळीचं? आणि पाटल्या? त्या तर मी माझ्या हाताने नेऊन दिल्या."

गोळी एकदम थांबवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ती हळूहळू कमी करून दुसरी दिली. काही आठवड्यांनी काकांनी फोनवरचं बेटिंगचं ॲप स्वतःच काढून टाकलं. हात मात्र पुन्हा थरथरू लागला.

"आता काकूंना फोन करा."

"काय सांगू? गोळीने खेळायला लावलं? तिला बहाणाच वाटेल. मलाच वाटतो."

शेवटी डॉक्टरांचं पत्र त्यांच्या खिशात कोंबून मी त्यांना लेस्टरच्या गाडीत बसवलं. ते पुन्हा क्रॉयडनला राहायला आले नाहीत. त्यांच्या घरात आता एक पोलिश कुटुंब आहे.

काका पोहोचले त्या संध्याकाळी काकूंचा फोन आला होता. मी घाईघाईने विचारलं, "पत्र वाचलंत ना?"

"वाचेन रे सावकाश. आल्या आल्या चहा दिला, तर अर्धा सांडला त्यांनी टेबलावर. मग मीच कप धरला, तेव्हा प्यायले. त्यांचे कपडे पाठवून दे. स्वेटर आधी."