पहिल्या क्रमांकाचा उखाणा

विनोदाचा अभ्यास करणारी बाई म्हटलं की लोकांना आधी हसू येतं. मी बेंगळुरूतल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं माझा विषय आहे बायकांवरचे विनोद. असे विनोद ऐकून माणसाच्या मनात काय होतं, ते ऐकल्यावर तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याकडे कसा बघतो, याविषयी जे संशोधन झालंय ते वाचायचं आणि मुलांपुढे मांडायचं. लग्नसमारंभात कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. समोरचा गृहस्थ लगेच बायकोवरचा एक विनोद सांगतो आणि म्हणतो, हा घ्या तुमच्या अभ्यासाला. हे इतक्यांदा झालंय की आता मी माझं वाक्य संपवून त्याची वाट बघत उभी राहते.

एचएसआर लेआउटमधल्या कंपन्या मला वर्षातून दोन-तीनदा व्याख्यानाला बोलावतात. तिथे मी ठणकावून सांगते की विनोद ऐकून एखादा सज्जन माणूस एकाएकी बायकोवर हात उगारत नाही. पण ज्याच्या मनात बायकांविषयी आधीच आकस आहे, त्याला त्या हसण्यातून परवानगी मिळते. चारचौघं हसली, म्हणजे हे चालतं, असं तो धरून चालतो. आणि कुणी हरकत घेतलीच, तर 'अहो, थट्टा होती' म्हटलं की हरकत घेणाराच अरसिक ठरतो. पोरं-पोरी माना डोलावतात, दोघं-तिघं टेबलाखाली फोन बघतात, शेवटी फॉर्मवर छान छान अभिप्राय लिहून देतात. मग मी मल्लेश्वरमला घरी येते आणि मला वाटतं, आज आपण काहीतरी केलं.

हे सगळं आधी सांगायचं कारण, पुढे जे केलं ते अडाणीपणातून केलं असं कुणी म्हणू नये.

आमच्या भागात एक मराठी मंडळ आहे. सरकारी कारखान्यांतून आणि संशोधन संस्थांतून निवृत्त झालेले इंजिनिअर, त्यांच्या बायका, बेळगाव-निपाणीकडची नोकरदार कुटुंबं, आणि अलीकडे पुण्याहून आलेली संगणकवाली मुलं. संक्रांतीनंतरच्या रविवारी हळदीकुंकू असतं आणि त्यात उखाण्यांची स्पर्धा. पूर्वी साधे उखाणे घ्यायचे. पण साध्या उखाण्यांना आता कुणी टाळ्या वाजवत नाही, म्हणून काही वर्षांपासून स्पर्धा 'विनोदी उखाण्यांची' झाली. नवऱ्याची थट्टा करायची आणि त्याचं नाव घ्यायचं. विनोदाचा अभ्यास असलेली बाई हाताशी आहे म्हटल्यावर परीक्षक मीच.

मंडळाचं सूत्रसंचालन करणारे गृहस्थ यशवंतपूरच्या एका कारखान्यात मॅनेजर आहेत. माणूस मोठा कामाचा. कुणाच्या घरी मयत झालं तर गाडी तेच आणणार, कुणाच्या पोराला कॉलेजात प्रवेश हवा असेल तर रांगेत तेच उभे राहणार. दोन कार्यक्रमांच्या मध्ये बायकोवरचे विनोद सांगणं ही त्यांची खासियत. "आमच्या हिचा घसा बसला. डॉक्टर म्हणाले, तीन दिवसांत बरा होईल. म्हटलं, घाई नाही." की सभागृह खदखदून हसायचं. मीही हसायची. त्यांची सांगायची लकब चांगलीच होती आणि मंडळात येऊन व्याख्यान झोडणारी बाई मला व्हायचं नव्हतं.

त्यांची बायको निपाणीकडची. ती बोलायला लागली की पुण्याच्या बायका एकमेकींकडे बघायच्या, कारण तिकडच्या पद्धतीप्रमाणे ती 'मी येतो', 'मी जातो' म्हणायची. तिने तोंड उघडलं की हसायचं, अशी सवयच मंडळाला लागलेली. ती मला अक्का म्हणायची. स्वयंपाकघरात तिळाची वाटी भरायला, भांडी विसळायला सगळ्यांत पुढे, स्टेजवर मात्र कधी गेली नव्हती. त्या वर्षी तिने नाव दिलं.

तिने माइक हातात धरला, नवऱ्याकडे पाहिलं नाही, सरळ समोर पाहून म्हणाली:

"भाजीत मीठ जास्त झालं, ताट दिलं उडवून,
…रावांचं नाव घेते, सुजला गाल दडवून."

रावांच्या आधी तिने त्यांचं नाव नीट, स्पष्ट घेतलं. ते मी इथे लिहीत नाही.

लगेच तिचे यजमान स्वतः दुसऱ्या माइकवरून म्हणाले, "मीठ जास्त होतं हे तरी कबूल केलं," आणि सभागृह कोसळलं. शिट्ट्या झाल्या. वन्समोअर आला. तिला पुन्हा म्हणावा लागला आणि दुसऱ्यांदा म्हणताना तीही हसली. मी पोट धरून हसले. माझ्यासमोरच्या कागदावर दहापैकी दहा लिहिले.

बक्षीस घ्यायला ती माझ्यापुढे आली तेव्हा आमच्यात हातभर अंतर होतं. डाव्या गालावर पावडर थापलेली होती, उजव्यावर नव्हती. मी शेजारच्या परीक्षक बाईंच्या कानाला लागून म्हटलं की आज हिने मेकअप एकाच बाजूला केलाय. त्या खुसखुसल्या. मला कळलं नव्हतं असं मी कुणालाही सांगू शकते. पण ज्या गोष्टीची थट्टा करायची ती आधी दिसावी लागते, एवढं मलाही समजतं.

दहा-बारा दिवसांनी ती दुपारी घरी आली. चहा नको म्हणाली. मग सगळं सांगितलं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, मार पहिल्या वर्षापासून. बाहेर हसवून आले की घरात जास्त. मी कायद्याचं सांगितलं, हेल्पलाइनचं सांगितलं, ओळखीच्या वकीलबाईंचा नंबर देऊ केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की पोलीस नको, माहेरी आता भाऊ नाही, वहिनीच्या दारात जाऊन बसायचं नाही. तिला एवढंच हवं होतं की मंडळातल्या मोठ्या माणसांनी नवऱ्याला समोर बसवून म्हणावं, हे खरं आहे आणि हे बंद करा. त्यांना दुसऱ्या कुणाची भीती नव्हती. मंडळात मान जाईल याची मात्र होती.

आमच्याकडे ही पद्धत आहे. परक्या गावात आपली माणसं हेच भाऊबंद, म्हणून घरातली भांडणं चिटणीसांच्या हॉलमध्ये बसून मिटवायची. भाडेकरूची, सासू-सुनेची, वाटणीची भांडणं तिथे मिटलेली मी पाहिली होती. मला ही पद्धत कधी पटली नव्हती, पण त्या बाईला हवी होती ती जागा तीच होती. मीच फोन करून बैठक ठरवली.

रविवारी सकाळी आम्ही जमलो. अध्यक्ष, चिटणीस, त्यांची पत्नी, मी, आणि ती दोघं. चिटणीसवहिनींनी उप्पीट केलं होतं. त्या बाईने मान खाली घालून, पण न अडखळता, मला सांगितलं होतं ते थोडक्यात सांगितलं. अध्यक्षांनी तिच्या नवऱ्याला विचारलं, यावर तुमचं काय म्हणणं. ते चिडले नाहीत, आवाज चढवला नाही. खिशातून फोन काढला आणि स्पर्धेचा व्हिडिओ लावला.

तो ग्रुपवर सगळ्यांकडे होताच. तिचा उखाणा आला, त्यांचं ते मिठाचं वाक्य आलं, आणि हसण्याचा गडगडाट. त्या हॉलमध्येसुद्धा चिटणीसांना हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकून लपवलं. मग कॅमेरा परीक्षकांवर वळला. मी खुर्चीत मागे रेलून डोळे पुसत हसत होते. त्यांनी तिथे व्हिडिओ थांबवला आणि फोन टीपॉयवर ठेवला, माझा चेहरा वर करून.

"जिला मार बसतो ती बाई असं स्टेजवर हसत सांगेल काय?" ते म्हणाले. "आणि या मॅडमचा तर अभ्यासच आहे. त्यांनी पहिला नंबर दिलाय. त्यांनाच विचारा."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हाला तेव्हा काय वाटलं होतं?"

ती माझ्याकडे बघत होती. त्या सकाळी पहिल्यांदाच तिने मान वर केली होती.

मला पावडर आठवली. माझं ते वाक्य आठवलं. आणि त्याच्या पाठोपाठ, लाज वाटते पण तेच खरं, आठवलं की हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, बघून-समजून हसली आणि ही आम्हाला शिकवते. मी म्हटलं, "ती स्पर्धा होती. मी विनोद म्हणून गुण दिले."

या वाक्यात खोटा शब्द एकही नाही. म्हणूनच ते मला इतकं चटकन सुचलं असणार.

अध्यक्षांना हायसं वाटलेलं दिसलं. म्हणाले, बघा, ज्यांचा अभ्यास आहे त्यांनाही विनोदच वाटला, म्हणजे आपणही फार खोलात जायला नको. रागाच्या भरात कधी एखादवेळी झालं असेल, नाही असं नाही, पण दोघांनी स्वल्प, थोडं थोडं, सांभाळून घ्यायचं. त्यांनी आवाज चढवायचा नाही आणि तिने घरातल्या गोष्टी स्टेजवर आणायच्या नाहीत. 'सरी', ठीक आहे, म्हणून तिचे यजमान लगेच उठले आणि सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशीही. ती उठली, उप्पिटाच्या बश्या गोळा केल्या आणि आत नेऊन विसळल्या. चिटणीसवहिनी राहू दे म्हणत होत्या.

मी तिला फोन केले, तिने उचलले नाहीत. तीन आठवड्यांनी मल्लेश्वरमच्या भाजीबाजारात ती दिसली. अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, ढिगापुढे उभी राहून शेंगा निवडत होती. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज होता, ऊन चांगलंच तापलेलं होतं. मी जवळ जाऊन माफी मागितली. हसले त्याची मागितली, पाठ केल्यासारखी.

ती शेंगा निवडत राहिली. "तुमी हसला त्याचं काय नाही, अक्का. लोकांनी हसावं म्हणूनच तसं रचलो मी. तसंच सांगितलो असतो तर कोण ऐकलं असतं? हसता हसता एकाला तरी कळंल म्हटलं." मग माझ्याकडे बघितलं. "तुमाला कळलं होतं."

मी हो म्हटलं. तिथे त्या गर्दीत, भाजीवालीसमोर, मला ते सहज म्हणता आलं.

घरी आता कसं आहे, मी विचारलं. ती म्हणाली, पूर्वी मारून झालं की ते दोन दिवस गप्प असायचे, नजर चुकवायचे. आता तसं नाही. आता आधी समोर उभी करतात आणि म्हणतात, उखाणा घे.

मी म्हटलं, मी उद्याच अध्यक्षांकडे जाते. मला दिसलं होतं हे सांगते, लिहून देते, वकीलबाईंकडेही येते तुझ्याबरोबर. मी भराभर बोलत होते आणि बोलताना मला बरंही वाटत होतं.

तिने शेंगांची पिशवी भाजीवालीकडे तोलायला दिली.

"त्या दिवशी विचारलं होतं की तुमाला," ती म्हणाली. "आता मी तसलं काय नाही म्हणून सांगतो. कुणी विचारलं तर थट्टा होती म्हणूनच सांगतो."