घाईने नेलेली दीक्षा

सिंगापूरच्या सैन्यात एक मराठी मुलगी होती, हे आमच्या बुकित पंजांगच्या ब्लॉकमध्येसुद्धा फार थोड्यांना माहीत होतं. दीक्षा मेश्राम. माझ्या खालच्या मजल्यावर राहायची. गणवेशात तिला मी कधीच पाहिलं नाही, कारण तिच्या वडिलांची अटच तशी होती: कॅम्पमधून निघताना कपडे बदलायचे आणि टी-शर्टवर घरी यायचं.

प्रमोद मेश्राम वाईट माणूस नव्हे, पण भित्रा. चांगी बिझनेस पार्कला एका बँकेच्या आयटीत होता. रोज अख्खं बेट पार करून जायचा आणि कुणाच्या अध्यातमध्यात न पडता परत यायचा. भीती त्याला एकाच माणसाची, पुण्यातल्या वडिलांची. यादवराव महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या नातीने एकवीस पूर्ण होताच भारताचा पासपोर्ट परत करून इथलं नागरिकत्व घेतलं आणि दुसऱ्या देशाच्या झेंड्यासमोर शपथ घेतली, हे त्यांना सांगणार कोण? प्रमोदने सांगितलं, ती हॉस्पिटलात नोकरी करते. अगदीच थाप नव्हती ती. दीक्षा सैन्यात मेडिक होती.

इथे मुलग्यांना लष्कराची सक्ती असते, मुलींना नाही. मुलाची वेळ जवळ आली की आपल्याकडची कितीतरी घरं, इथे राहायचं की गाशा गुंडाळायचा, यावर महिनोन्महिने खल करतात. आणि हिला कोणी बोलावलंही नव्हतं, तर ही आपण होऊन गेली. एकदा लिफ्टमध्ये मी तिला विचारलंच, "कशाला गं?"

"काकू, मी नऊ वर्षांची असताना आले इथे," ती म्हणाली. "तरी सगळे विचारतात, परत कधी जाणार? कॅम्पमध्ये कोणी नाही विचारत लाह." वाक्याच्या शेवटी ते 'लाह' लावणं अगदी इथलं.

तिचा मजला आला आणि ती उतरली.

दोन हजार सतराच्या ऑगस्टमध्ये, रविवारी, सुट्टीवर घरी असताना तिचं डोकं दुखायला लागलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. सोमवारी पहाटे हॉस्पिटलातच ती वारली. चोवीस वर्षांची होती. मी खालच्या मजल्यावर गेले तेव्हा तिची आई, सुलेखा, कुकरची शिट्टी धूत उभी होती. शिट्टी स्वच्छ होती. मी ती तिच्या हातातून काढून घेतली, तिने घेऊ दिली. मला रडू येत नव्हतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

थोड्या वेळाने कॅम्पमधल्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. घरच्यांची काय इच्छा आहे, आम्ही काय करावं, असं तो विचारत होता. प्रमोद म्हणाला, "नथिंग, सर. एव्हरीथिंग इज अरेंज्ड." काहीही ठरलेलं नव्हतं. फोन ठेवून मला म्हणाला, "आपल्यात जास्त वेळ घरात ठेवत नाहीत." हे खरंच आहे, म्हणून मीही मान डोलावली. दुपारी तिला मंडाईच्या स्मशानात नेलं. मोजकी माणसं, पांढरी वस्त्रं, त्रिशरण, पंचशील, की झालं.

हल्ली आमच्यात इथे कोणी गेलं तर कोणीतरी म्हणतंच, एक दिवस थांबू या, कामावरच्यांना येऊ द्या. ही रीत दीक्षानंतरची आहे.

त्याच संध्याकाळी मी दूध आणायला उतरले, तर ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, वॉइड डेकवर, हिरव्या गणवेशातली पोरंपोरी घोळक्याने उभी. इथल्या चिनी घरांत कोणी गेलं की तिथेच मांडव पडतो, शव तीन-चार दिवस ठेवतात आणि माणसं रोज संध्याकाळी येऊन बसतात. त्याला वेक म्हणतात. ही मुलं तो मांडव शोधत होती. त्यांच्यातली हुई मिन नावाची कॉर्पोरल माझ्याकडे आली.

"आंटी, दीक्षाज वेक, विच ब्लॉक?"

तिला मंडाईला नेलं, दुपारीच सगळं झालं, असं मी सांगितलं.

"सो फास्ट, आ?" एवढंच म्हणून तिने मागे वळून बाकीच्यांना सांगितलं. तरी कोणी तिथून हललं नाही. त्यांनी वेकसाठी तीन दिवसांची रजा काढली होती, आणि रजा काढली म्हणून ती तीनही संध्याकाळी आली. ना शव, ना फोटो, ना मांडव. बुद्धिबळाच्या दगडी टेबलांभोवती बसायची. शेंगदाणे आणि पाकिटातली सरबतं स्वतःच आणायची, कारण वेकला ती असतात. उन्हात कवायत करताना कोणी पाणी प्यायचं टाळलं की दीक्षा मराठीत ओरडायची, हे मला तिथे कळलं. आता सगळी तुकडीच एकमेकांना "पाणी पी, मूर्खा" म्हणते. चिनी, मलय, तमिळ, सगळे.

मला प्रमोदचा भयंकर राग आला होता. वर जाऊन म्हटलं, "खाली मुलं बसलीत. निदान तोंड तरी दाखव."

तिसऱ्या संध्याकाळी दोघं उतरली. हुई मिनने सुलेखासमोर आपला फोन धरला. त्यात दीक्षा गणवेशात होती, बूट चिखलाने भरलेले, हसत होती. सुलेखाने बराच वेळ पाहिलं.

"टोपी चांगली दिसते हिला," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं.

प्रमोद माझ्याकडे बघून बोलला. "नीताताई, आपल्यात ठेवत नाहीत हे नुसतं निमित्त होतं. ही मुलं गणवेशात येतील, कोणी फोटो काढेल, तो पुण्याला जाईल, म्हणून घाई केली मी."

आणि तिथेच त्याने वडिलांना फोन लावला. यादवरावांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर. पासपोर्ट, शपथ, गणवेश, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"सैनिक होती म्हणतोस," म्हातारा म्हणाला.

"हो, बाबा."

"मग तिला सलामी कोणी दिली?"

प्रमोदने फोन तसाच हातात धरून ठेवला. आजोबा काय म्हणाले, असं हुई मिनने मला विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं.

"दॅट्स व्हाय वी केम, आंटी," ती म्हणाली.

प्रमोद शेजारीच उभा होता.